महिपतरावांच्या घरातला कालवा

कळंबच्या महिपतरावांनी रिटायर झाल्यावर घरात कालवा आणला, ही बातमी मला माझ्या दुकानात कळली. सांगणारा अगदी छातीठोकपणे सांगत होता. "चौतीस वर्सं पाटकरी व्हता, कुणाला तांब्याभर पाणी जास्ती दिलं न्हाय, आन आता थेट सोप्यात कालवा! काचंतनं पाणी दिसतंय." म्हणजे त्यानं पाहिलंही होतं.

ज्यांच्या शेताला कालव्याचं पाणी नाही त्यांना पाटकरी म्हणजे काय ते सांगायला हवं. नीरा डाव्या कालव्याला फाटे फुटतात, फाट्यांना चाऱ्या, आणि चारीवर ज्याच्या त्याच्या शेताकडे वळणारं एकेक लोखंडी दार. कोणाचं दार कधी उघडायचं आणि किती तासांनी पाडायचं, ते पाटकरी बघतो. या क्रमाला पाळी म्हणतात. चारीच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते हेडवाले, शेवटाला ते टेलवाले. पाणी हेडवाल्याच्या बांधावरून आधी जातं, त्यामुळे ते त्याला आपलंच वाटतं. महिपतराव पाळी टेलकडून सुरू करायचे, म्हणून सगळे हेडवाले त्यांच्यावर खार खाऊन असत. मी हेडवाल्यांच्या घरातला. त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात थोडा वाकडा जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं नाव सोपान. कळंबच्या रस्त्याला माझं इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे, शिवाय भाड्यानं द्यायचे दोन छोटे जनरेटर. बातमी कळल्यावर तिसऱ्या दिवशी महिपतरावांचाच निरोप आला, की घरी इन्व्हर्टर बसवायचा आहे. मी उत्सुकतेनं गेलो. सोप्यात, जिथं पूर्वी ज्वारीच्या कणगीची जागा होती, तिथं चार फुटी काचेची टाकी होती. आत निळसर दिवे, दगड, पांढरी वाळू, पाच-सहा मासे आणि तीन शिंपले.

कालव्याचा उलगडा तिथं झाला. टाकी त्यांच्या मुलाची, अविराजची. अविराज पुण्यात लोकांच्या घरची, हॉटेलांतली मत्स्यालयं बसवून द्यायचा. हे काम तो काही दिवस कोकणात शिकला होता, आणि तिकडे शिंपल्यांच्या एका जातीला कालवं म्हणतात. "तीन कालवं हायेत, जपून उतरवा," असं तो टेम्पोवाल्याला ओरडून म्हणाला. आमच्या गावानं त्यातलं ऐकू यायचं तेवढं ऐकलं. महिपतरावांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, कालवण ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "म्या म्हणलं पोरगं आल्या आल्या मटणाचं बोलतंय."

अविराजला मस्कतला दोन वर्षांचं काम मिळालं होतं. पुण्यातली खोली सोडली, आणि टाकी ठेवायला जागा नव्हती म्हणून ती इथं आली. महिपतरावांनी पहिला प्रश्न विचारला तो कागदांचा. समुद्रातनं असले शिंपले काढायला बंदी आहे हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. अविराजनं कागद दाखवले. हे समुद्रातले नव्हते, परदेशात शिंपल्यांची शेती असते तिथं वाढवलेले होते. "शेतीतले हायेत, मग हरकत न्हाय," असं म्हणून महिपतराव बाजूला झाले.

बाप-लेकात एवढंच बोलणं. बारा वर्षं ते असंच चालू होतं, आणि त्याचं कारण सगळ्या चारीला ठाऊक होतं. अविराज एकोणीस वर्षांचा असताना त्यानं घरच्या अर्ध्या एकरात ढोबळी मिरची लावली. एकट्यानं रोपं आणली, एकट्यानं लावली. त्या उन्हाळ्यात कालव्याचं आवर्तन लांबलं. पाणी सुटलं तेव्हा मिरचीनं माना टाकल्या होत्या, आणि घरची पाळी चार दिवसांवर होती. त्या दिवशी पाळी टेलच्या कुशाबाईच्या ज्वारीची. अविराज म्हणाला, दोन तास द्या, रोपं तेवढी तगतील. महिपतरावांनी दिले नाहीत. पोरगं आपल्या हातानं उघडेल म्हणून ते दिवसभर घरच्या शेताच्या लोखंडी दारावर बसून राहिले. पाणी समोरून कुशाबाईकडे गेलं. मिरची वाळली, आणि पुढच्या आठवड्यात अविराज पुण्याला जाऊन एका दुकानात माशांच्या टाक्या धुवायला लागला.

गावानं त्या वेळी महिपतरावांचं कौतुक केलं. कौतुक करायला गावाचं काही गेलं नव्हतं. सिंधुबाई मात्र वर्षभर नवऱ्याशी कामापुरतं बोलत होत्या.

तर असा हा माणूस त्या टाकीचा राखणदार झाला. अविराजनं जाताना दोन पानं सूचना लिहून दिल्या होत्या. महिपतरावांनी पाटबंधारे खात्याच्या पद्धतीनं रेघा मारून एक वही केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ नोंदी सुरू केल्या: पाण्याची उष्णता, पाण्याचा खार, दिवे किती वाजता लागले. खार मोजायला द्राक्षवाले गोडी बघतात तसली छोटी दुर्बीण होती. उन्हानं पाणी आटलं की मीठ मागं राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं, तेही गावातल्या फिल्टरच्या प्लांटवरचं. शिंपल्याला कवच वाढवायला चुना लागतो, म्हणून चुन्याची निवळी थेंब थेंब सोडायची. हे सगळं ते अचूक करत. एकदा मला म्हणाले, "जनमभर लोकास्नी सांगितलं, पाणी जास्ती दिऊ नका, रानात खार फुटंल. आन आता घरात बसून मीठ मोजतोय बघ." हा त्यांचा विनोद होता. वर्षात एखादा करत.

शिंपले मात्र बघण्यासारखे होते, हे मलाही कबूल केलं पाहिजे. कवच उघडून त्यातून मखमलीसारखी झालर बाहेर काढून बसायचे. एकाची झालर निळीभोर, एकाची हिरवट, तिसऱ्याची तपकिरी आणि कडेला निळे ठिपके. वरून हात गेला, सावली पडली, की झालर आत. हे शिंपले फारसं काही खातही नाहीत. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं, ते उजेडावर वाढतं आणि त्यावर यांचं पोट चालतं. सिंधुबाई त्यांना शेटजी म्हणत. "रान अंगातच. ना नांगरट, ना खुरपण. नुसतं उन्हात बसायचं," असं त्या म्हणाल्या, आणि त्यात थोडा हेवा होता.

अविराजनं तिघांना तीन जागा दिल्या होत्या. निळा सगळ्यात वर, दिव्याखालच्या दगडावर. हिरवट मधल्या कपारीत. तपकिरी खाली, वाळूवर. ज्याला जितका उजेड आणि जितका पाण्याचा झोत सोसतो, त्याप्रमाणं ही मांडणी होती. महिपतरावांना त्यात वेगळंच दिसलं. वरच्याला सगळा उजेड, मधल्याला उरलेला, आणि खालच्याला त्यातनं वाचेल तेवढा. चौतीस वर्षं त्यांनी ज्याच्याशी भांडण केलं, तेच सोप्यात काचेच्या आड चाललं होतं.

त्यांनी पाळी लावली. दर सोमवारी वरचा खाली, खालचा मधे, मधला वर. शिंपले हलवू नका, असं त्या दोन पानांत कुठंही लिहिलेलं नव्हतं. असं कोणी करेल हे अविराजच्या डोक्यातच आलं नसणार. खरं तर तो त्यांच्याच घरात वाढला होता, त्याच्या डोक्यात यायला हवं होतं.

पहिल्या सोमवारी मी बॅटरीचं पाणी बघायला गेलो होतो. महिपतरावांनी बाह्या सारून हात टाकीत घातला आणि निळा उचलायला गेले. तो दगडाला घट्ट बसला होता. त्यांनी जोर लावला.

"हेडवाला हाय. सुखासुखी सोडतोय व्हय," ते म्हणाले.

मी हसलो. हेडवाल्यांना मारलेला टोमणा होता, पण चांगला होता. त्यांनी हिसका दिला, शिंपला सुटून हातात आला, त्याच्या बुडाला पांढऱ्या धाग्यांची गुंतवळ लोंबत होती. त्यांनी तो वाळूवर ठेवला. मग तपकिरी कपारीत आणि हिरवट वर. तिघांची झालर दिवसभर आत होती. "नवीन जागा हाय, रुळतील," असं आम्ही दोघांनी ठरवलं.

पाचव्या दिवशी निळा आ वासून पडला. हात नेला तरी मिटेना. आठव्या दिवशी त्याचा वास यायला लागला. तोवर वरच्या हिरवटाचा रंग उडून झालर धुतलेल्या फडक्यासारखी पांढरी पडली होती. महिपतरावांनी काहीही लपवलं नाही. फोटो काढून मुलाला पाठवले आणि फोन लावला. मी समोर होतो, फोन मोठ्या आवाजावर होता, कारण त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

"तात्या, ह्यांना कोणी हलवलं?"

"म्या. पाळी लावली."

 मग अविराज शांतपणे बोलायला लागला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तात्या, शिंपला पायातनं धागे काढून दगडाला धरतो. ओढला की पाय फाटतो, मग तो जगत न्हाय. हलवायचाच झाला तर दगडापाशी ब्लेडनं धागे कापायचे असत्यात, हळू. आन खालच्याला एकदम वर नेलं की तो भाजतो. शिंपल्याला पाळी नसती, तात्या. त्याची जागा असती."

"मग तपकिरी परत खाली ठिवू का?"

"नको. आता त्याला अजिबात हात लावू नका. हाय तितंच ऱ्हाऊ द्या."

चार दिवसांत हिरवटही गेला. महिपतरावांनी वहीत लिहिलं: दोन मेले, माझ्या चुकीनं. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, हे मला सिंधुबाईंनी सांगितलं. मला वाईट वाटलं. हिसक्याला मी हसलो होतो, हे त्यांच्या लक्षात असेल का, असाही विचार आला.

पुढच्या खेपेला ते आपणहून बोलले. "सोपान, पोरानं बारा वर्सांत एक वस्तू माज्या हातात दिली. त्यातली दोन मी मारली. आता ह्यो एक त्याला जिता परत द्यायचाय. बास." एवढं बोलून ते दुर्बीण डोळ्याला लावून खार बघू लागले. त्यानंतर आमच्यात या विषयावर बोलणं झालं नाही, पण मी बॅटरी दर पंधरा दिवसांनी बघायला लागलो. तिला एवढ्या वेळा बघावं लागत नाही.

तपकिरी शिंपला महिनाभर रुसून होता. मग त्यानं हळूहळू झालर काढली. कपारीत त्यानं पाय रोवला. दिवाळीपर्यंत त्याच्या कवचाच्या कडेला नव्या वाढीची पांढरी रेघ आली. महिपतराव ती रेघ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. बरेच जण चष्मा नसल्यामुळे हो म्हणत.

मे महिन्यात वळवाचं वादळ झालं. पाऊस थोडाच पडला, वारा मात्र असा की वालचंदनगरपर्यंत खांब आडवे झाले. वीज यायला तीन दिवस लागतील असं कळलं. माझ्या दोन जनरेटरपैकी एक मी सरकारी दवाखान्यात लसींच्या फ्रिजला लावून टाकला, तो हलणार नव्हता. दुसऱ्यासाठी रांग लागली. मी दुकानाबाहेर पाटी टांगली आणि चार-चार तासांची पाळी लावली. जो आधी आला त्याचं नाव आधी. महिपतराव सातवे होते. त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी. आपलं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि "बरोबर लावलीस" असं म्हणून गेले. मला बरं वाटलं. या कामातल्या वस्तादाची शाबासकी होती ती.

इन्व्हर्टरवर पंप चालत होता, पाणी गार ठेवणारं यंत्र चालत नव्हतं. बाहेर बेचाळीस अंश. सिंधुबाईंनी टाकीभोवती ओली पोती गुंडाळली आणि दोघं आळीपाळीनं पाण्यावर वारा घालत बसले. अविराजनं बजावलं होतं, की बत्तीसच्या वर गेलं तर आशा नाही. वहीत दर तासाची नोंद होती. अकरा वाजता एकोणतीस. एक वाजता तीस. तीन वाजता साडेएकतीस.

साडेतीनला महिपतराव भर उन्हात चालत दुकानात आले. डोक्यावर टोपी नव्हती. त्यांना बिनटोपीचं मी प्रथमच पाहिलं. जनरेटर नुकताच एका गिरणीवरून परत आला होता आणि चार वाजता कुशाबाईकडे जाणार होता. हीच ती टेलची कुशाबाई. ज्वारी आता ती करत नाही. स्टँडजवळ तिचं थंडपेयाचं दुकान आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या एका साखरपुड्यासाठी तिनं दोनशे मटका कुल्फी करून डीप फ्रिजात ठेवली होती.

"सोपान, पाळी मोडायची," महिपतराव म्हणाले.

मला ऐकू आलं होतं. तरी मी म्हणालो, "काय म्हणालात?"

"पाळी मोडायची. मशीन मला दे. शिंपला तोंड वासतोय."

माझ्या बापानं एका सालात कांद्यासाठी हेच शब्द यांच्यापुढे काढले होते आणि यांनी नाही म्हणून मान हलवलेली बघून तो परत आला होता. मी महिपतरावांना ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. त्या क्षणी मला फार बरं वाटलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

"कुशाबाईला विचारू या की," मी म्हणालो. "तुमची उद्याची पाळी तिला द्या, आजची तुम्ही घ्या."

"इचारलं तर ती न्हाय म्हणंल. उद्यापत्तुर कुल्फी ऱ्हाती व्हय? ती न्हाय म्हणंल आन तिचं बरोबर असंल. मग मला नेता येणार न्हाय. आदी नेतो. मग तिला सांगतो."

चोरी इतक्या सरळपणे सांगितलेली मी कधी ऐकली नव्हती. जनरेटर छोट्या टेम्पोत घातला आणि त्यांच्या अंगणात उतरवला. गार करणारं यंत्र धडधडत सुरू झालं. साडेचारला पाणी एकतीसवर आलं, पाचला तिसावर. शिंपल्याचं तोंड हळूहळू जवळ आलं. महिपतरावांनी नोंद केली, पाय धुतले, टोपी घातली आणि कुशाबाईकडे निघाले. गुन्ह्यात माझाही वाटा होता, म्हणून मी मागं गेलो.

कुशाबाई दुकानाच्या पायरीवर कमरेला पदर खोचून उभीच होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. महिपतराव पायरीच्या खाली थांबले.

"कुशाबाई, तुमची पाळी मी घेतली. सोपानचा दोष न्हाय."

मग जे झालं त्यातलं निम्मं लिहिता येण्यासारखं नाही. कुशाबाईचा आवाज चारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आहे. तिनं कुल्फीचा हिशोब मांडला, साखरपुड्यात होणारी शोभा मांडली, पाटकऱ्याच्या सात पिढ्यांना पाणी पाजलं. बसथांब्यावरची माणसं जवळ सरकली. महिपतराव मान खाली घालून उभे होते. दमल्यावर ती एक पायरी खाली उतरली.

"मी इतकी वर्सं सगळ्यास्नी सांगत आले, त्या मानसानं पोटच्या पोराची मिरची वाळू दिली पर माज्या टेलचं पाणी तोडलं न्हाय. तवा पोराला दिलं न्हाईसा, आन आता शिंपल्याला देताय व्हय?"

महिपतरावांनी मान वर केली.

"त्याचाच हाय त्यो," ते म्हणाले.

कुशाबाईनं कमरेला खोचलेला पदर सोडला. ती म्हणाली, "उद्याची तुमची पाळी मला सोडा. कुल्फी गेली तर गेली, दूध तरी वाचंल." आणि दुकानात निघून गेली. साखरपुड्यात लोकांनी पेल्यातून पातळ कुल्फी प्यायली. वरपक्षाला ते काहीतरी नवीन वाटलं.

परत येताना मी म्हणालो, "लयच बोलली."

"बोलायलाच पायजे," महिपतराव म्हणाले. "पाळी मोडली की शिव्या बसत्यात. म्या मोडली नसती तर तिनं कशाला दिल्या असत्या?" ते चिडलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जनरेटर स्वतः टेम्पोत चढवून कुशाबाईकडे पोचवला. दुपारी आमच्या लाइनची वीज एक दिवस आधीच आली, हे तिच्या आणि त्यांच्याही नशिबात होतं.

अविराज पुढच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी आला. मस्कतचं काम संपलं होतं, पुण्यात नवी खोली घेतली होती. टाकी न्यायला त्यानं टेम्पोही सांगून ठेवला होता. मी बॅटरी काढून घ्यायला गेलो होतो, म्हणून हे सगळं मला दिसलं.

तो टाकीसमोर उकिडवा बसला. शिंपला तो ठेवून गेला होता तेव्हाच्या दीडपट झाला होता. झालर कपारीच्या दोन्ही अंगांनी पसरली होती. अविराजनं हात वर धरला, सावली पडली, झालर आत गेली आणि परत आली. तो बराच वेळ तसंच करत होता. महिपतराव मागं उभे होते, वही हातात धरून. परीक्षेचा पेपर तपासायला दिलेल्या पोरासारखे दिसत होते.

अविराजनं वही घेतली आणि चाळली. मे महिन्याच्या पानावर थांबला. नोंदींच्या खाली एक ओळ होती: पाळी मोडली. कुशाबाईची.

"ही कुठली पाळी?" त्यानं विचारलं.

मीच सांगितलं. वादळ, पाटी, बिनटोपीचे तात्या, कुशाबाई, सगळं. मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं, हेही सांगितलं. अविराज वहीकडेच बघत होता.

"मागायला स्वतः गेले?"

"चालत गेले," आतून सिंधुबाई म्हणाल्या. "उनाचं."

महिपतराव टाकीकडे बघत बोलले. "तुज्या मिरचीला पण मोडायला पायजे व्हती. दोन तासाचा तर प्रश्न व्हता. शिव्या बसल्या असत्या. खाल्ल्या असत्या."

 अविराजनं वही मिटली, बाह्या सारल्या आणि हात टाकीत घातला. कपारीशी शिंपल्याच्या बुडाखाली बोटं फिरवून बघितली. मग हात काढून टॉवेलला पुसला.

"लय घट्ट धरलंय," तो म्हणाला. "आता हलवता यायचा न्हाय, तात्या. मरंल. टाकी हितंच ऱ्हाऊ द्या."

ब्लेडनं धागे कापता येतात, हे त्या सोप्यात तिघांनाही ठाऊक होतं. फोनवर ते सांगितलं होतं तेव्हा महिपतरावांनी वहीत लिहूनही घेतलं होतं. ते काही बोलले नाहीत. मीही बॅटरीच्या तारा परत जोडल्या.

"मग तू बघायला येत जा," महिपतराव म्हणाले.

"येतो की. दोन महिन्यानं."

महिपतरावांनी खिशातलं पेन काढलं. "तारीख सांग."

अविराज हसला, आणि त्यानं तारीख सांगितली. ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली गेली, खाली रेघ मारून.

त्या तारखेला अविराज आला नाही. चार दिवस उशिरा आला. मधल्या चार दिवसांत मी मुद्दाम चक्कर टाकली आणि मुद्दामच विचारलं, की पोरगं अजून पोचलं नाही का. महिपतराव टाकीत गोडं पाणी ओतत होते.

"कालवा म्हणलं की दोन-चार दिस मागंफुडं व्हायचंच," ते म्हणाले. "सुटलंय न्हवं? मग पोचंल."